मापटं

काठी घ्या. ऊन पडलंय त्यावर जाऊ नका,
मोएल ग्रुगवर धुकं विचारून येत नाही.
मोएल म्हणजे आमच्या भाषेत उघडाबोडका.
डोंगराला म्हणतात. टक्कल पडलेल्या पोस्टमनलाही म्हणायचे.

या फाटकापलीकडे वाट संपते.
पुढे नुसत्या मेंढ्यांनी पाडलेल्या रेघा,
आणि त्या मेंढ्यांना हव्या तिकडे जातात.
कापसासारखं पांढरं गवत डुलताना दिसलं
तर तिथे पाय टाकू नका.
लीड्सहून एक जण आला होता, हातात यंत्र, आकडे अचूक.
आकड्यांना चिखल ठाऊक नसतो.
त्याचा डावा बूट अजून आतच आहे.

दम लागला? बसा. हा दगड बसायचाच आहे.
माझा बाप इथे टेकला होता,
नोव्हेंबर त्रेचाळीस. मी आईच्या पोटात.
रात्री आई म्हणाली, "गडगडलं का रे?"
बाप म्हणाला, "गडगडत होतं. थांबलं."
पहाटे त्यानं आणि ग्विलिमनं
गोठ्याचं दार बिजागरीतून उचकटलं
आणि ते घेऊन वर आले.
एक दार, पाच फेऱ्या.
पाचव्या फेरीला तुमचा मामा.
बाप त्याच्याबद्दल एवढंच बोलायचा: हलका होता.

बघा, आलोच.
आणखी काहीतरी असेल असं वाटलं होतं ना?
सगळ्यांनाच वाटतं.
चाकाचा एक पाय, गंजून मातीच्या रंगाचा.
इंजिनात पाणी साचलंय, त्यात आभाळ आणि एक मेलेला भुंगा.
पत्रा मात्र गंजत नाही. पाऊस पडून गेला की
आत्ताच घासून पालथा घातल्यासारखा लखलखतो.
आणि हा काळा चट्टा. इथे पेट्रोल जळलं.
इथे अजून गवत धरत नाही. मेंढ्यासुद्धा वळसा घालतात,
मीही घालते, का ते विचारू नका.

पाटीवर पाच नावं. मामाचं एक अक्षर खाल्लंय.
कोरणारा आमच्याकडचा, ऐकलं तसं कोरलं.
तुमच्या आईनं पत्र लिहिलं होतं त्याबद्दल, दोनदा.
दुसऱ्याला तरी उत्तर द्यायला हवं होतं आम्ही.

बोटं ठेवा हवी तर. स्लेट आहे, गार लागेल.

मागे एका पोराच्या खिशातून
नळीचा तुकडा काढून घेतला मी.
चारचौघांत हजेरी घेतली त्याची:
हे स्मशान आहे बाबा, भंगारबाजार नव्हे.
पोरगं रडवेलं झालं.
मी ताठ मानेनं खाली उतरले,
आणि घरी येऊन पावाचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा...

नाही, ते खाली गेल्यावर. उतारावर बोलू नये.

या. बूट राहू देत, फरशीला सवय आहे.
सगळं सांगितलं तुम्हाला, पण हातचं राखून सांगितलं.
वर जीभ उचलेना.
पाच फेऱ्या म्हटलं ना, तर बाप सहाव्यांदाही वर गेला होता.
एकटाच. पंधरा दिवसांनी.
तेव्हा लढाईपायी साधा पत्रा मिळत नसे,
आणि आईचं पिठाचं मापटं फुटलं होतं.

हे ते.
बाजूला रिव्हेट आहेत ते त्याचे नाहीत, मूळचेच.
आत आकडा होता, पिठानं झिजून झिजून
एक सात तेवढा उरलाय.
आम्ही चौघं भावंडं याच्या मापानं वाढलो.
कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही,
मला तर ठाऊकच होतं.

घ्या. तुमचंच आहे. न्यायचं तर न्या.

तुम्ही ते पदराला पुसावं तसं कोटाला पुसता,
हातात जोखता. खूप वेळ.
बाहेर कुत्रा येऊन दाराशी बसतो.

काय म्हणालात?
एका पावाला किती?

साडेतीन.
शेवटचं अर्धं डोळ्यांनी मोजायचं.